देवजीभाऊंची न झालेली नोंद

देवजी धोडींबद्दल लिहायचं म्हणून मी आजवर चार वेळा बसलो, आणि चारही वेळा त्यांच्या घरातल्या वस्तूंची यादी करून उठलो. यादी करणं सोपं आहे. पितळी सूक्ष्मदर्शक, दोन होकायंत्रं, रेल्वेच्या तारखात्यातली एक कळ, कापडावर चिकटवलेले नकाशे, भरती-ओहोटीचे जुने तक्ते, वाळवीने कडा खाल्लेली गुजराती पंचांगं, भूमितीचं एक इंग्रजी पुस्तक. यादी लांबली की माझ्याविषयी लिहायचं राहून जातं. म्हणून या वेळी आधीच सांगून टाकतो : या माणसाशी मी वाईट वागलो. आता त्यांच्याविषयी सांगता येईल.

संगमनेरहून मी डहाणूला विज्ञानशिक्षक म्हणून आलो तेव्हा देवजीभाऊ आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठे. सडपातळ, किंचित पुढे वाकलेले, खिशात कायम एक भिंग. रोज कैनाडहून सायकलवर यायचे. सकाळी प्रयोगशाळा उघडली की पहिल्यांदा बॅरोमीटरपाशी जायचे, बोटाच्या सांध्याने त्याच्या लाकडी फळीवर हलकेच टकटक करायचे, आकडा बघायचे आणि मग खिडक्या उघडायचे. तिथवर ते कुणाशी बोलायचे नाहीत.

माझ्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी व्हर्निअर कॅलिपरने धातूचा गोळा मोजून फळ्यावर उत्तर लिहिलं. मागून आवाज आला, ‘सर, शून्य बघितलं का?’

पोरं हसली. मला राग आला. त्यांनी कपाटातून सगळे कॅलिपर काढून टेबलावर मांडले. प्रत्येकाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि तिच्यावर त्याची चूक बारीक अक्षरात लिहिलेली. ‘जबडा मिटला तरी हा शून्यावर येत नाय. दोन घरं पुढे राहतो. तेवढं वजा करायचं, मग तो खरं बोलतो. त्याची काय चूक नाय सर, जुना झालाय.’

पुढे कळलं, की माणसांविषयीही ते असंच बोलतात. आमच्या हेडक्लार्कच्या आरडाओरड्याने नवीन शिक्षक घाबरले की म्हणायचे, ‘माणूस चांगला आहे. फक्त शून्य पुढे सरकलंय. वजा करून ऐकायचं.’

त्यांचे वडील जमीनमोजणीच्या पथकाबरोबर साखळी आणि तिपाई वाहायचं काम करायचे. डोंगर, पाडे, वाड्या सगळं पायाखाली घातलेलं. ‘बाला विचारलं, आज काय मोजलं? तर म्हणायचा, मोजणारे साहेब, आपण उचलणारे.’ देवजीभाऊंनी हे हसत सांगितलं होतं, पण मला वाटतं त्यांचा सगळा नाद तिथून निघाला होता. उचलायच्या वस्तू त्यांना समजून घ्यायच्या होत्या. दहावीनंतर शिकायला मिळालं नाही, तेव्हा डिक्शनरी शेजारी ठेवून ते इंग्रजी पुस्तकं वाचायला लागले. एक पान दोन-दोन दिवस चालायचं. पान उलटलं की ते पुन्हा मागे यायचं नाही, इतकं पक्कं झालेलं असायचं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पुस्तकं दिसेनात. मी विचारलं. त्यांनी कोपऱ्यातल्या शेणाने सारवलेल्या कणगीचं झाकण काढलं. आत भाताऐवजी पुस्तकं, मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला.

त्यांची बायको जानीबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, ‘भात आला का ती बाहेर, भात संपला का ती आत. पावसाळ्यात आमी काय खातो ते तुमीच बघा.’

तिच्या बोलण्यात नवऱ्याची चेष्टा होती, पण सगळीच चेष्टा नव्हती. त्या थिओडोलाइटमुळे तर नव्हतीच.

थिओडोलाइट म्हणजे जमीन मोजायची दुर्बीण. तिपाईवर बसवून कोन मोजतात ती. तळासरीच्या नाक्यावरच्या एका भंगाराच्या दुकानात देवजीभाऊंना ती दिसली. दुकानदार हातोड्याने तिची काच काढायच्या बेतात होता, कारण त्याला फक्त पितळ हवं होतं. देवजीभाऊंनी त्याचा हात धरला. तो म्हणाला, ‘भाऊ, मला काय, पितळ ते पितळ. किलोला किलो दे ने घेऊन जा.’ देवजीभाऊ त्याला ‘संध्याकाळपर्यंत हातोडा लावू नको’ अशी शपथ घालून तळासरीहून कैनाडला गेले आणि जानीबाईची माहेरची पितळेची हांडी सायकलला बांधून परत आले. काटा हांडीच्या बाजूला कमी पडला, तेव्हा स्वतःचा तांब्याही टाकला.

‘आठ दिवस बोलली नाय,’ त्यांनी मला सांगितलं. ‘मी म्हटलं, बोल तरी. तर तिनं तिपाईवर मिरच्या वाळत घातल्या.’ त्या मिरच्या त्यांनी वाळेपर्यंत काढल्या नाहीत. त्यानंतर घरात ॲल्युमिनियमची हांडी आली आणि तीच राहिली. थिओडोलाइट मात्र त्यांनी वर्षभर खपून चालता केला. एक-एक स्क्रू काढून, रॉकेलात बुडवून, कुठला कुठे बसतो त्याचं चित्र वहीत काढून. आमच्या शाळेच्या मैदानाचे कोन मोजून दहावीच्या मुलांनी नकाशा केला तो त्याच यंत्राने. मुलांना ते सांगायचे, ‘हे माझ्या बाईच्या हांडीचं आहे. हळू.’

दुसरी गोष्ट समुद्राच्या नकाशाची. एका इराणी कुटुंबाची चिकूची वाडी विकली गेली, बंगला रिकामा होताना माळ्यावरून एक गुंडाळी निघाली आणि वाडीच्या रखवालदाराने ती देवजीभाऊंना आणून दिली. डहाणूच्या किनाऱ्याचा जुना नकाशा होता. पाण्यात ठिकठिकाणी बारीक आकडे, खोलीचे. वाढवणला होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातल्या सभांचे ते दिवस. देवजीभाऊ सभांना जायचे नाहीत, पण एका रविवारी गुंडाळी प्लास्टिकच्या पाइपात घालून एसटीने वाढवणला गेले. मीही बरोबर होतो. तिथल्या मासेमारी होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या तांडेलाच्या ओट्यावर त्यांनी नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिंपले ठेवले.

तांडेलाला वाचता येत नव्हतं. देवजीभाऊ आकडा वाचायचे, वाव करून सांगायचे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी, तिथे अजून तसंच मोजतात. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा. मग म्हणायचा, ‘बरोबर. तिथं आमचा बा कोळंबीला जायचा.’ एका ठिकाणी त्याने डोळे उघडले. ‘तीन वाव? नाय रे. आता दोन पण नाय. गाळ आलाय.’

‘नक्की?’

‘माझा नांगर अडकलाय तिथं. नक्की काय विचारतोस!’

देवजीभाऊंनी नकाशावर पेन्सिलही टेकवली नाही. वही काढून लिहिलं : जुना आकडा, नवा आकडा, सांगणाऱ्याचं नाव. अशा पाच-सहा खेपा झाल्या. पुढे कुणीतरी मुंबईहून तो नकाशा विकत मागायला आला, चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायला. देवजीभाऊ म्हणाले, ‘भिंतीला पाण्याची खोली काय करायची?’ आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

अशा माणसाशी मी काय केलं ते आता सांगतो.

प्रयोगशाळेतला बॅरोमीटर पाऱ्याचा होता, फार जुना, शाळा सुरू झाली तेव्हा कुणी देणगी दिलेला. त्याच्या तळाशी चामड्याची पिशवी असते, तिच्यात पारा. एका उन्हाळ्यात ती झिजली आणि पाऱ्याचे थेंब टेबलावर दिसायला लागले. देवजीभाऊंनी कागदाच्या टोकाने थेंब-थेंब गोळा करून बाटलीत भरला आणि मला म्हणाले, ‘सर, डहाणू रोडला माझ्या ओळखीचा चप्पल शिवणारा आहे, त्याच्याकडे बारीक चामडं मिळेल. घरी नेऊन सावकाश करतो. पण नोंद झाली पायजे.’

प्रयोगशाळेचं रजिस्टर माझ्याकडे होतं. मी उत्तरपत्रिका तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, ‘घेऊन जा तुम्ही. नोंद मी करतो.’

नोंद मी केली नाही. कारण काहीच नव्हतं. उद्या करू म्हटलं, मग सुट्टी लागली, मग विसरलो.

त्याच वर्षी शाळेच्या पंचाहत्तरीची तयारी सुरू झाली. जुन्या वस्तूंचं काचेचं कपाट करायचं ठरलं, आणि संस्थेच्या सचिवांना बॅरोमीटर आठवला. त्यांच्या आजोबांनी दिलेला होता तो. जागेवर नव्हता. रजिस्टरमध्ये ‘आहे’ होता. कुणीतरी म्हणालं, देवजीच्या घरात असल्या वस्तू ढिगाने आहेत. सचिव म्हणाले, ‘पाड्यावरच्या घरात एवढं पितळ येतं कुठून?’

मी त्या खोलीत होतो. तेव्हाच बोललो असतो तर एका वाक्यात संपलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पर्यवेक्षकाच्या जागेसाठी माझी मुलाखत होती, तीही याच सचिवांपुढे. रजिस्टर ज्याला सांभाळता येत नाही त्याला पर्यवेक्षक कोण करणार? मी मनाशी म्हटलं, घरी गेल्यावर देवजीभाऊ सांगतीलच, मग मी हो म्हणेन. म्हणजे माझं काम मी त्यांच्यावर ढकललं.

आम्ही जीपने गेलो. सचिव, मुख्याध्यापक, हेडक्लार्क आणि मी. देवजीभाऊ आजारी म्हणून त्या दिवशी घरीच होते. ओट्यावर बॅरोमीटर उभा होता, नवं चामडं बसवलेला. सचिव त्याला बोट लावून म्हणाले, ‘हा काय?’

देवजीभाऊ घाबरले नाहीत. उलट त्यांना वाटलं, दुरुस्ती बघायला आलेत. ‘झाला साहेब. दोन दिवस बघतो, गळतो का. मग आणतो.’

‘कुणाला विचारून आणलास?’

ते मला शोधत वळले. ‘सरांना विचारून. सरच म्हणाले नोंद करतो. विचारा त्यांना.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंगणात कोंबड्या होत्या, जानीबाई हातातलं सूप तसंच धरून उभी होती. मी म्हणालो, ‘मला नीट आठवत नाही.’

‘नाही’ म्हणायची हिंमत नव्हती आणि ‘हो’ म्हणायची तर त्याहून नव्हती. देवजीभाऊ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, एखादा आकडा चुकीचा आला की पुन्हा वाचून बघावा तसे. मग त्यांनी नजर काढून घेतली.

त्यानंतर सगळं भराभर झालं. सचिवांनी घरात शिरून एकेक वस्तू उचलायला सुरुवात केली. याची पावती? याची? भंगारातल्या वस्तूची पावती कोण देतो? थिओडोलाइट आणि एक होकायंत्र बॅरोमीटरबरोबर जीपमध्ये गेलं. जानीबाई पुढे आली. ‘ते नाय न्यायचं. माझी हांडी दिली आहे त्याच्यापायी!’ सचिव हसले. हेडक्लार्कही हसला. मी हसलो नाही, पण थिओडोलाइटची तिपाई जीपमध्ये मीच धरून बसलो होतो.

पोलिसांत द्यायचं नाही असं ठरलं, शाळेच्या नावासाठी. लेखी ताकीद दिली. देवजीभाऊंनी तिच्यावर सही केली आणि निवृत्तीला राहिलेलं वर्ष रोज वेळेवर येऊन काढलं. माझ्या तासाला साहित्य मांडलेलं असायचं, काच पुसलेली असायची. फक्त मला ‘सर’ म्हणणं त्यांनी सोडलं. ‘साहेब’ म्हणायला लागले. निवृत्तीच्या दिवशी चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवून, कुणी हार आणायच्या आत, सायकल काढून गेले.

पर्यवेक्षक मी झालो. नंतर मुख्याध्यापकही झालो. काचेच्या कपाटात थिओडोलाइट होता, त्याच्या अंगावर पांढऱ्या तेलरंगाने शाळेचा क्रमांक टाकलेला. माझ्या केबिनच्या दारातून तो दिसायचा. दोन वर्षं मी खुर्ची फिरवून बसलो.

सचिव बदलल्यावर मला धीर आला. हेही सांगायला हवं, की ते बदलल्यावरच आला. नव्या कमिटीला मी सांगितलं की त्या दोन वस्तू चुकून आल्या आहेत, आणि दोन्ही गाडीत घालून कैनाडला गेलो.

देवजीभाऊ थकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी थिओडोलाइटकडे बघितलं, हात लावला नाही.

‘शाळेचा नंबर आहे त्याच्यावर. घरात कसा ठेवू?’

‘तुमचाच आहे, देवजीभाऊ.’

‘माझाच होता. उद्या माझ्या पोरीच्या घरात निघाला तर तिला कोणी विचारेल. लिहून द्या.’

त्यांची मुलगी तळासरीला आश्रमशाळेत शिक्षिका आहे. मी हो म्हणालो आणि वस्तू गाडीत परत घातल्या. पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. पाचव्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, की ‘अनवधानाने नोंद राहून गेल्यामुळे गैरसमज झाला’. शाळेच्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी. ते आणि त्या दोन वस्तू घेऊन पुन्हा गेलो.

देवजीभाऊंनी भिंग काढून पत्र वाचलं. मग माझ्याकडे दिलं. ‘मोठ्यानं वाचा. हिला वाचता येत नाय.’

मी वाचलं. जानीबाई जात्यापाशी बसून ऐकत होती. ‘अनवधानाने’वर तिने विचारलं, ‘म्हणजे काय?’

‘म्हणजे... लक्षात न राहिल्यामुळे.’

‘रजिस्टरात लिहायचं लक्षात नाय राहिलं. ते ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘पण आमच्या अंगणात विचारलं तेव्हा? तेव्हा तुमाला आठवत होतं का नाय?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बायकोनेही नाही. तिला मी कधी सांगितलंच नव्हतं.

‘आठवत होतं,’ मी म्हणालो.

देवजीभाऊ खाली बघत होते. जानीबाईने मान हलवली, नुसती ऐकू आल्याची खूण. ‘मग तसं लिवा.’

त्यांच्या ओट्यावर बसून मी हाताने दुसरं पत्र लिहिलं. बॅरोमीटर मी नेऊ दिला होता. मला आठवत होतं. मी खोटं बोललो. थिओडोलाइट आणि होकायंत्र देवजी धोडींच्या मालकीचं. एवढंच. चार वाक्यं. देवजीभाऊंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून कणगीतल्या भूमितीच्या पुस्तकात ठेवलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, ‘पत्राची एक प्रत शाळेच्या फायलीत लावा, साहेब.’ चहा झाला नाही. मीही थांबलो नाही.

प्रत मी लावली. कमिटीत गवगवा झाला, माझ्या निवृत्तीला सहा महिने होते, ते शांतपणे गेले असते ते तसे गेले नाहीत. त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलं. पण देवजीभाऊंनी सही केलेली ताकीद काढून घ्यायला मी त्या सहा महिन्यांत तीनदा अर्ज केला आणि तिसऱ्यांदा ती निघाली. तसं कळवणारं पत्र टपालाने गेलं. उत्तर आलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तळासरीला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन होतं, मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मांडवाबाहेर उन्हात मुलांची मोठी रांग दिसली. रांगेच्या टोकाला देवजीभाऊ उभे होते. लेकीच्या शाळेने त्यांना आणलं होतं. पुढ्यात तिपाई, तिच्यावर तो थिओडोलाइट, पांढरा रंग खरवडून काढलेला. पितळ तिथे जरा जास्तच चकाकत होतं. जानीबाई मागे खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि रांग मोडणाऱ्या पोरांना दटावत होती.

मला परीक्षक म्हणून थेट पुढे जाता आलं असतं. मी रांगेत उभा राहिलो. सातवीतली मुलं पुढे, मागे आठवीतल्या मुली. पाऊण तास लागला. माझी पाळी आली तेव्हा देवजीभाऊंनी मान वर करून मला बघितलं. ओळखलं. त्यांनी तिपाईचे तिन्ही पाय लांबवून माझ्या उंचीला यंत्र वर घेतलं, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आणला, आणि आधीच्या साठ-सत्तर मुलांना सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाले, ‘डावा डोळा मिटा. हात लावू नका.’

मी डोळा लावला. जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. लांबवरची पाण्याची टाकी आकाशात पाय करून लटकत होती आणि तिच्या शिडीवरून एक माणूस सावकाश चढत होता. मला तो उतरताना दिसत होता.

‘दिसलं?’

‘दिसलं.’

‘मग सरका,’ ते म्हणाले, आणि मागच्या मुलीसाठी तिपाई पुन्हा खाली घ्यायला वाकले.